ओंडक्यांची घरकुले आणि लोखंडी डबे

सह्याद्रीच्या कुशीत, मुळशीपासून कर्जतपर्यंत, अलीकडे एक नवी चीज विकली जात आहे. कारखान्यात कापून, खाचा पाडून, क्रमांक घालून ट्रकमधून आणलेल्या लाकडांची ही छोटी केबिन. चार कामगार ती काही दिवसांत उभी करतात. पुण्यामुंबईचा धनिक तिच्या पडवीत बसून चहा घेतो आणि निसर्गाकडे परतल्याचे समाधान मानतो. विकणारे सांगतात, पाया नको, परवानगी नको, देखभालीची कटकट नाही. यांतले एकही आश्वासन खरे नाही, आणि या खोटेपणाची किंमत चुकवणारा माणूस पडवीत बसलेला नसतो.

देखभालीचेच पाहा. ओंडक्यांचे घर ही थंड, कोरड्या उत्तरेची निर्मिती आहे. हेलसिंकीत वर्षाकाठी सुमारे ६५० मिलिमीटर पाऊस व बर्फ मिळून पडतो; महाबळेश्वरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ५,५०० मिलिमीटरच्या घरात. लाकूड ओलाव्याने फुगते, उन्हाने आक्रसते, त्यामुळे एकमेकांवर रचलेल्या फळ्यांची भिंत ऋतूगणिक खालीवर होत राहते. म्हणून दारे-खिडक्यांच्या चौकटींवर मोकळी फट सोडावी लागते. घाईत कोणी चौकट भिंतीला खिळ्यांनी जखडली, की भिंत चौकटीवर लटकते आणि फळ्यांच्या सांध्यांतून पावसाची धार आत येते. कोपऱ्यांत बाहेर डोकावणारी ओंडक्यांची टोके सर्वांत जास्त पाणी पितात. तळाची तुळई ओल्या मातीला टेकली तर ती सर्वांत आधी कुजते, म्हणजे पाया लागतोच. लाकडाला आतून-बाहेरून तेल किंवा रंग ताबडतोब द्यावा लागतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. त्यात वाळवी. फिनलंडच्या घरमालकाला हा शत्रू ठाऊकच नाही. येथे तो दाराशी उभा असतो. सागाच्या पक्क्या गाभ्याशी त्याला झगडावे लागते. न्यूझीलंडहून कांडला बंदरात उतरणारे मऊ पाइन त्याच्यासाठी मेजवानीच.

कोकणातल्या सुतारांना आणि गवंड्यांना हे सारे पिढ्यान् पिढ्या अवगत आहे. जांभ्या दगडाचे उंच जोते, दूरवर उतरलेली वळचण, पावसाच्या बाजूला झापांचा आडोसा, लाकडाला काजूबियांच्या टरफलांचे तेल, ही त्यांची विद्या. केबिनच्या विक्रीपत्रकात तिला स्थान नाही. परदेशी चित्रात आखूड वळचणीचे छप्पर असते, म्हणून येथेही आखूडच हवे!

मग ही निगा राखतो कोण? मालक तर महिन्यातून दोन दिवस येणार. बाकीचे दिवस राखणदाराचे, आणि हा राखणदार पुष्कळदा त्याच गावचा, कधी त्याच सातबाऱ्यावरून नाव पुसले गेलेला शेतकरी असतो. मे महिन्यात तेलाचा कुंचला तो फिरवतो, पन्हळीतला पाचोळा तो काढतो, वाळवीचे विष उघड्या हातांनी तो भोकांत ओततो. हजेरीपटावर त्याचे नाव बहुधा नसते. मालकाच्या भाषेत तो ‘घरातलाच माणूस’ असतो, आणि घरातल्या माणसाला वेतनाचा दर विचारणे अशिष्ट! देखभालीची कटकट नाही या वाक्यात एवढेच सत्य आहे की ती विकत घेणाऱ्याला नाही.

परवानगीच्या आश्वासनाची कथा याहून गंभीर आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यास १९४८च्या कुळकायद्याच्या कलम ६३ने मज्जाव केला, तो कुळाच्या हातची जमीन पैशाच्या जोरावर निसटू नये म्हणून. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने ‘विकास’ या संज्ञेत जमिनीच्या वापरातील मोठा बदलही धरला. केबिन खुंट्यांवर ठेवली काय किंवा चाकांवर, नाचणीच्या खाचरात पाहुणे राहू लागले की वापर बदललाच. ‘हलवता येते म्हणून ते बांधकाम नव्हे’ ही मल्लीनाथी कायद्याची कमाल मर्यादा चुकवण्यासाठी कुत्र्या-मांजरांच्या नावे जमिनी दाखवणाऱ्या जमीनदारांच्या परंपरेतली आहे. आणि हे घडते कोठे, तर मुळशी पेट्यात. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे जेथे सत्याग्रहाला बसले, त्याच जलाशयाचा काठ आज ‘तळ्याचा देखावा’ म्हणून विकला जातो.

यावरून तयार लाकडी घर ही वस्तूच त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे चूक होईल. तिचा इतिहास मोलाचा आहे. मार्च १९४०च्या तहात फिनलंडला कारेलियाचा प्रदेश सोव्हिएत संघाला द्यावा लागला व चार लाखांहून अधिक माणसे, नऊ जणांमागे साधारण एक, निर्वासित झाली. त्याच वर्षी तेथील लाकूड कारखानदारांनी ‘पूटालो’ ही सामाईक कंपनी काढून घरे कारखान्यात घडवायला आरंभ केला. स्वीडनने सुमारे २,००० तयार लाकडी घरे भेट दिली. ‘पूटालो’ ही काही समाजवादी संस्था नव्हती. परंतु १९४५च्या जमीन-संपादन कायद्याने शासनाने सरकारी, कंपन्यांच्या व बड्या मालकांच्या जमिनी मोबदला देऊन घेतल्या आणि निर्वासितांना, सैनिकांना, युद्धविधवांना दिल्या. त्यांवर ठरावीक नकाशांची दीड मजली लाकडी घरे उठली. ती बहुतेक ओंडक्यांची नव्हे, फळ्यांची होती, कारण लाकूड काटकसरीने वापरायचे होते. फिनलंडने युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघाला दिलेल्या तयार घरांपैकी काही १९४५ साली उद्ध्वस्त वॉर्सात, याझ्दुव भागात उभारली गेली. तात्पुरती म्हणून उभारलेल्या त्या घरांपैकी काही आजही उभी आहेत.

भारतालाही हे सुचले होते. फाळणीच्या निर्वासितांसाठी दिल्लीत सरकारने तयार घरांचा कारखाना काढला. पहिली घरे तांत्रिकदृष्ट्या फसली, टीका झाली, तरी कारखाना सार्वजनिक मालकीचा राहिला. १९७८ साली त्याचे नाव ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ झाले. तंत्र सुधारून ते निराश्रितांपर्यंत नेण्याचे काम मात्र राष्ट्रीय कार्यक्रम कधीच झाले नाही.

त्याचा परिणाम रायगड जिल्ह्यात दिसला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नावसुद्धा नव्हते. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना निवारा म्हणून मिळाले लोखंडी कंटेनर. लोखंडी डबा उन्हात तापतो, पावसात घुमतो, आणि चूल, कोंबड्या, म्हातारी माणसे यांचा त्यात विचारच नसतो. त्यांचा पुढचा पावसाळाही तेथेच गेला. त्याच जिल्ह्यात, त्याच पावसात, कर्जतच्या बाजूला आठवडाभर कुलूपबंद राहणाऱ्या केबिनींना दुहेरी छप्पर आणि उष्णतारोधक भिंती असतात.

केबिनवाले म्हणतील, लाकूड कार्बन साठवते, सिमेंटपेक्षा बरे, शिवाय गावाला रोजगार मिळतो. लाकूड बरे, हे मान्यच. पण दुसऱ्या गोलार्धातून आणून निगेअभावी कुजू दिलेले लाकूड कोणता कार्बन साठवणार? आणि रोजगाराचा दाखला द्यायचा तर राखणदाराला किमान वेतन, हातमोजे आणि लेखी करार देऊन मग द्यावा. फिनलंडमध्ये आजही पाच लाखांवर उन्हाळी घरे आहेत, परंतु तेथील जंगलात कोणालाही पायी फिरण्याचा, बोरे वेचण्याचा परंपरागत हक्क आहे. येथे केबिनबरोबर प्रथम काटेरी तार येते आणि गुरांची पायवाट बंद होते.

मुळशी, मावळ, कर्जत, खालापूर येथील कार्यकर्त्यांना यातून बरेच काम आहे. प्रत्येक गावात अशा केबिनी किती, जमीन कोणाच्या नावे, वाट कोणाची अडली, राखणदाराला काय मिळते, याची नोंद करून ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्याचबरोबर दरडीखालच्या वाड्यांसाठी जोडणीची लाकडी घरे शासनाने स्वतः बनवून तालुक्याच्या ठिकाणी साठवून ठेवावीत, ती स्थानिक सुतारांकडून, येथल्या पावसाला साजेशा वळचणीची करून घ्यावीत, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे मे महिन्यापूर्वी लेखी गेली पाहिजे. जूनमध्ये गेलेल्या अर्जाला उत्तर म्हणून पुन्हा कंटेनरच येतील.