विनोदाची मर्यादा कोणी आखावी?

शिवराळ विनोदाचा प्रश्न निघाला की सुशिक्षित समाज चटकन दोन तटांत विभागला जातो. एकाला त्यात संस्कृतीचा अधःपात दिसतो. दुसऱ्याला निषिद्ध शब्दाचा प्रत्येक उच्चार हा स्वातंत्र्याचा जयघोष वाटतो. हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत, असे आमचे मत आहे. त्याच्या समर्थनार्थ आम्ही वाचकांपुढे एक अमेरिकन चित्रपट ठेवू इच्छितो.

रिचर्ड प्रायर या कृष्णवर्णीय विनोदकाराने डिसेंबर १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे केलेला प्रयोग १९७९ साली ‘रिचर्ड प्रायर : लाइव्ह इन कॉन्सर्ट’ या नावाने चित्रपटगृहांत झळकला. नेपथ्य नाही, नृत्य नाही, सहकलाकार नाही. लाल सदऱ्यातील एक माणूस आणि त्याच्या हातातील ध्वनिक्षेपक, एवढ्याच सरंजामावर सव्वा तास निभावून नेलेला आहे. भाषा अशी की, ती या स्तंभात छापणे आम्हांस शक्य नाही. तरीही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२१ साली या चित्रपटाचा राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या चित्रपटांत समावेश केला.

हे कशामुळे घडले? प्रायरचे बालपण पिओरिया गावी आजीच्या कुंटणखान्यात गेले. जी भाषा त्याच्या कानांवर पडली तीच तो रंगभूमीवर बोलला, आणि त्या भाषेत त्याने जे सांगितले ते सभ्य भाषेने बराच काळ दडवून ठेवले होते. पोलिसाने मोटार अडविली असता काळ्या माणसाला खिशातून परवाना काढण्यापूर्वी आपली हालचाल मोठ्याने जाहीर करावी लागते, हा प्रसंग तो रंगवितो. प्रेक्षागृह हसते, परंतु त्या हसण्याच्या पोटात गोळीची भीती आहे, हेही ते जाणते. स्वतःच्या हृदयविकाराचा झटका तो असा उभा करतो की, त्याचे हृदयच त्याला दरडावते आणि तो जमिनीवर लोळत गयावया करतो. थट्टेचा पहिला बळी तो स्वतः आहे. स्त्रियांविषयीचे त्याचे काही उद्गार खटकतात, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि त्याच्या अनुयायांपैकी अनेकांनी त्याच्या शिव्या तेवढ्या उचलल्या आणि वेदना मागे ठेवली, हा दोष त्याचा नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कृष्णवर्णीयांना हिणविणारा जो शब्द प्रायरच्या तोंडी सदैव असे, तो त्याने १९७९ मधील केनियाच्या प्रवासानंतर सोडून दिला, आणि १९८२ च्या चित्रपटात त्याचे कारणही प्रेक्षकांना सांगितले. हा शब्द टाकण्यास त्याला कोणत्याही न्यायालयाने फर्माविले नव्हते. उलट, त्याच्या आधीच्या लेनी ब्रूसला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९६४ मध्ये अश्लीलतेबद्दल चार महिन्यांची शिक्षा ठोठावली. अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच, १९६६ मध्ये, तो मरण पावला, आणि २००३ साली त्याच राज्याच्या गव्हर्नरांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. दंडाने काय साधले? भाषा शुद्ध झाली नाहीच. केवळ एक माणूस खचला आणि राज्यावर लाजिरवाणी माफी देण्याची पाळी आली.

हा झगडा नवा नाही. ऋषींची विडंबना केली म्हणून नटांना शाप मिळाल्याची कथा खुद्द नाट्यशास्त्रातच आहे. नट शापित झाले, पण विडंबन थांबले नाही. संस्कृत नाटकांतील राजाच्या शेजारी विदूषक बसलेला असतो, तो उगाच नव्हे.

एकट्याने उभे राहून करावयाचा हा विनोद आता मुंबईतही रुजला आहे. मार्च २०२५ मध्ये येथील एका प्रयोगाचे चित्रण प्रसृत होताच, ज्या जागी तो प्रयोग झाला तिची सत्तारूढ पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. तो विनोद चांगला होता की वाईट, या वादात आम्ही शिरत नाही. वाईट विनोदाला प्रेक्षकांच्या मौनाएवढी कडक शिक्षा दुसरी नाही. खुर्च्या मोडणाऱ्यांनी त्या मौनाची संधीच हिरावून घेतली.

मग मर्यादा नकोच काय? अवश्य हवी. दुर्बलाला हिंसेच्या तोंडी देणारी चिथावणी विनोदाचा मुखवटा घालून आली, तरी कायद्याने तिला ओळखलेच पाहिजे. परंतु त्याअलीकडील सारा प्रदेश अभिरुचीचा आहे, आणि तेथे प्रेक्षकाने एकच प्रश्न विचारावा: या हास्याची किंमत कोण मोजतो? बलवान मोजत असेल, किंवा बोलणारा स्वतः मोजत असेल, तर शब्द कितीही ओबडधोबड असोत, ते ऐकून घेण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. ज्याला उत्तर देण्याची सोय नाही अशाच माणसाकडून ती वसूल होत असेल, तर उठून निघून जावे आणि का गेलो ते लिहावे. लाठीने ओढलेली रेघ प्रायरला तो शब्द सोडायला लावू शकली नसती. त्याच्या विवेकाने ती ओढली, म्हणूनच ती टिकली.