खाड्याचे पैसे कोण देणार?

मैत्रिणींनो, आपल्या अंकात रग्बीवरचा लेख पाहून काहीजणी पान उलटतील याची मला कल्पना आहे. धिप्पाड पुरुष चिखलात एकमेकांवर आदळतात तो खेळ, त्याचं आपल्याला काय? पण मला मैदानापेक्षा हिशेबाच्या वहीबद्दल बोलायचं आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षं मी पुण्यात वस्त्यांमध्ये काम केलं, आणि आता उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशर भागात, समाजकार्यकर्ती म्हणून नोकरी करते. कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या यांच्यावर उभी राहिलेली आणि त्या बंद पडल्यावर खचलेली ही गावं आहेत. रग्बी लीग हा इथला खेळ. कुठल्याही कुटुंबाच्या घरी भेटीला गेलं की अर्ध्या तासात त्याचा विषय निघतोच.

या खेळाचा जन्मच मजुरीच्या भांडणातून झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रग्बीवर दक्षिणेतल्या सुखवस्तू गृहस्थांचं राज्य होतं. खेळ हौसेसाठी खेळायचा, पैशाला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही त्याला हे तत्त्व परवडतं. उत्तरेतला खाणकामगार किंवा गिरणीकामगार सामन्यासाठी कामावर गेला नाही की त्याचा खाडा पडायचा आणि आठवड्याच्या पगारातून तेवढे पैसे जायचे. तेव्हा उत्तरेतल्या क्लबांचं म्हणणं एवढंच होतं, की खाड्याचे पैसे तरी भरून द्या. ते मान्य झालं नाही. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हे क्लब जमले, वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग भरपाई, असा नियम केला. आज ज्याला रग्बी लीग म्हणतात, तेरा-तेरा खेळाडूंचा, तो खेळ यातून आला. मला हा इतिहास फार आवडतो. खेळणं हे श्रम आहे आणि त्यासाठी बुडालेल्या वेळाला मोल आहे, हे कामगारांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बजावून सांगितलं!

मात्र हे मोल सगळ्यांपर्यंत कधीच पोचलं नाही. १९०२ साली पहिल्यांदा दोन श्रेणी केल्या, वरची आणि खालची. तीन हंगामांत, १९०५ साली, ती रचना मोडावी लागली, कारण खालच्या श्रेणीतले क्लब कर्जात रुतले होते. वरच्या नामांकित संघांशी सामने नाहीत म्हणून तिकिटं खपत नाहीत आणि प्रवासाचा खर्च मात्र तेवढाच. दुसऱ्या श्रेणीचं हे दुखणं तेव्हापासूनचं आहे, आणि तेव्हापासून त्यावरचे उपाय वरचेच लोक ठरवत आले आहेत. १९९५ साली मर्डोकच्या कंपनीने पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख पौंड देऊ केले आणि पुढच्या वर्षीपासून ‘सुपर लीग’ सुरू झाली. त्या हंगामात दुसरी श्रेणी जिंकलेल्या कीली गावच्या संघाला वर जायचं होतं. त्याला सांगण्यात आलं, की आता रचना बदलली आहे, वर जागा नाही. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन या शेजारच्या तीन गावांचे क्लब मोडून एकच करायचा बेतही झाला होता. लोक रस्त्यावर आले म्हणून तो बारगळला. त्यानंतर कधी परवाने, कधी मैदानावरच्या निकालावर चढ-उतार, कधी गुणांकन असे प्रयोग झाले. हल्लीच्या पद्धतीत प्रेक्षक, कामगिरी, आर्थिक स्थिती, स्टेडियम आणि आसपासचा समाज यांना गुण देऊन क्लबांची प्रत ठरते. लंडन ब्रॉंकोस हा संघ २०२३ साली मैदानावर जिंकून वर आला, पण गुणांकनात त्याचा नंबर चोविसावा होता. त्यामुळे २०२४ अखेर तो खाली जाणार हे पहिला सामना खेळायच्या आधीच जवळपास ठरलेलं होतं.

हे सगळं झालं पुरुषांचं. आता बायका कुठे आहेत ते पाहू.

ज्या १९९६ साली मर्डोकच्या पैशावर सुपर लीग सुरू झाली, त्याच साली ग्रेट ब्रिटनचा महिला संघ ऑस्ट्रेलियाला गेला आणि कसोटी मालिका २-१ अशी जिंकून आला. खर्च त्या बायकांनी स्वतः उभा केला होता. कोट्यवधी पौंड ज्या खेळात आले त्याच खेळात देशासाठी खेळणाऱ्या बाईला विमानाच्या तिकिटासाठी वर्गणी गोळा करावी लागली, आणि परत आल्यावर त्यांच्या विजयाची दखलही फारशी कुणी घेतली नाही. महिलांची सुपर लीग निघायला २०१७ साल उजाडलं, तीही चार संघांची. काही क्लबांनी खेळाडूंना पैसे द्यायला सुरुवात केली ती २०२३च्या सुमारास, आणि तेही नोकरी सोडता येईल इतके नाहीत. त्याच वर्षी महिलांचा चॅलेंज कपचा अंतिम सामना पहिल्यांदा वेम्ब्लीवर झाला. सेंट हेलेन्सने लीड्सला २२-८ असं हरवलं. वर्तमानपत्रांत फोटो आले, भाषणं झाली. शिखरावर दिवा लागला की पायथ्याला काय चाललंय ते विचारायचं नसतं, असा एक रिवाज आहे.

म्हणून पायथ्याचं सांगते. माझ्या कामामुळे ओळख झालेली एक मुलगी महिलांच्या दुसऱ्या श्रेणीत खेळते. वृद्धाश्रमात सेविकेचं काम, पाळीपाळीने. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, रविवारी सामना. बाहेरगावी सामना असला की शनिवारची रात्रपाळी सोडावी लागते, तिचे पैसे जातात. पेट्रोल तिचं, बूट तिचे, वर क्लबची वर्गणीही तिचीच. लहान मुलगा आहे, त्याला आई सांभाळते, म्हणजे दुसऱ्या एका बाईचे बिनमोल श्रम त्यात आहेत. गेल्या वर्षी खांदा निखळला तर सहा आठवडे घरी बसावं लागलं, कारण म्हाताऱ्या माणसांना उचलायचं काम एका हाताने होत नाही. खेळ का सोडत नाहीस, असं मी तिला विचारलं नाही. हा प्रश्न आपण बायकांनाच विचारतो. उलट मी मनात हिशेब केला. १८९५च्या खाणकामगाराची जी तक्रार होती तीच हिची आहे, फक्त त्यात मूल सांभाळण्याची भर पडली आहे. आणि तिला सहा शिलिंगसुद्धा मिळत नाहीत.

याचा परिणाम काय होतो ते १ मार्च २०२५ रोजी लास व्हेगासला दिसलं. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाने इंग्लंडला ९०-४ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी इथे सगळे हळहळले, मुली कमी पडल्या म्हणाले. मुली कमी पडल्या नव्हत्या, त्यांच्या पायाखालची शिडी कमी पडली होती. ऑस्ट्रेलियात महिलांची राष्ट्रीय लीग, एनआरएलडब्ल्यू, २०१८ साली निघाली तीही चारच संघांनिशी. पण तिच्या खाली न्यू साउथ वेल्समध्ये बायकांची राज्यस्तरीय स्पर्धा आधीपासून चालू होती आणि वयात येणाऱ्या मुलींसाठी टार्शा गेल कप २०१७ सालीच सुरू झाला होता. म्हणजे छपराआधी भिंती होत्या. पुढे २०२३ साली खेळाडूंच्या संघटनेने मोठं भांडण करून जो करार मिळवला त्यात बायका पहिल्यांदाच आल्या. किमान मानधन वर्षाला ३० हजार डॉलर, ते २०२७ पर्यंत ५० हजार ६०० वर न्यायचं, शिवाय गरोदरपण आणि पालकत्वाच्या रजेची तरतूद. यात फार हुरळून जाण्यासारखं नाही. त्या वर्षी एका क्लबला पुरुष खेळाडूंवर १ कोटी २१ लाख डॉलर खर्च करायची मुभा होती आणि बायकांवर ८ लाख ८४ हजारांची. हंगाम लहान आहे, हे खरं. तरी फरक डोळ्यात भरतो. आणि किमान मानधन मिळतं ते फक्त वरच्या श्रेणीला. खालच्या राज्य-स्पर्धांत खेळणारी बाई तिथेही नोकरी सांभाळूनच खेळते. तरीपण निदान खेळायला जागा आहे, आणि एक पायरी चुकली तर थेट जमिनीवर पडायला होत नाही.

पैसा नाही, असं कारण नेहमी पुढे केलं जातं. इंग्लंडमध्ये टीव्हीचं उत्पन्न घटलंय हे खरंच आहे. २०२१ पर्यंत वर्षाला सुमारे चार कोटी पौंड येत, २०२४ पासूनच्या करारात ती रक्कम जवळजवळ निम्म्यावर आली. पण कात्री लागली की ती सगळ्यांना सारखी लागत नाही. आणि पैसा कुणाला हवा असेल तेव्हा तो कुठून तरी येतोच. पापुआ न्यू गिनीच्या संघाला २०२८ पासून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये घ्यायचं ठरलं तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सरकारने दहा वर्षांत ६० कोटी डॉलर द्यायचं जाहीर केलं. पॅसिफिकमध्ये चीनचा पाय पडू नये, हा त्यामागचा हिशेब सगळ्यांना माहीत आहे. त्याच देशाच्या बायकांचा संघ २०२२ साली झालेल्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता आणि तिथे ऑस्ट्रेलियाकडून ८२-० असा हरला. त्यांच्या देशात मुलींच्या स्पर्धा नियमित व्हाव्यात म्हणून या ६० कोटींतलं नेमकं किती राखून ठेवलंय, हा प्रश्न मी तरी कुणी मोठ्याने विचारलेला ऐकला नाही.

दुसरा आक्षेप असा, की बायकांचा खेळ स्वतःच्या पायावर उभा नाही. पुरुषांची दुसरी श्रेणी तरी कुठे उभी आहे? ती चालते मध्यवर्ती निधीवर आणि एखाद्या धनिकाच्या लहरीवर. टोरोंटोचा संघ एका श्रीमंताच्या पैशावर तळातून सुपर लीगपर्यंत चढला आणि २०२० साली, हंगाम अर्ध्यावर असताना, कोलमडला. खेळाडूंचे पगार थकले. त्यावरून पुरुषांना रग्बी जमत नाही, असा निष्कर्ष मात्र कुणी काढला नाही.

आधी वरची श्रेणी बळकट करू, मग लाभ खाली पाझरेल, असंही सांगतात. आपण विकासाच्या कामातल्या बायका हे वाक्य कोळून प्यायलो आहोत. मी संस्थेत असताना निधी देणाऱ्यांना इमारत दाखवता यायची, शिबिराचे फोटो दाखवता यायचे. गावात रोज जाणाऱ्या सेविकेचा पगार मात्र कुठल्याच रकान्यात बसायचा नाही. तिला ‘मानधन’ मिळायचं. आपल्या अंगणवाडी सेविकांना हा शब्द काय असतो ते विचारा. रग्बीतही स्टेडियमला गुण आहेत, प्रेक्षकांना गुण आहेत. खेळाडू बाईचा खाडा भरून दिला तर किती गुण? माझ्या मते श्रेणीची वाटणी करण्याआधी हे ठरलं पाहिजे. मध्यवर्ती निधीचा ठरावीक हिस्सा महिलांच्या दुसऱ्या श्रेणीसाठी राखून ठेवावा, आणि तो क्लबच्या खात्यात मोघम न टाकता चार गोष्टींसाठीच द्यावा: बुडालेली मजुरी, प्रवास, दुखापतीचा विमा, आणि सरावाच्या वेळी मूल सांभाळण्याची सोय. पूर्ण पगार लगेच शक्य नाही, हे मलाही कळतं. पण पाळी सोडल्याचे पैसे ही चैन नव्हे. शिवाय वर चढणाऱ्या संघाला निदान दोन वर्षांची हमी हवी, नाहीतर एका हंगामात मार खाऊन तो खाली येतो आणि मुली खेळ सोडतात.

टीव्हीचा सध्याचा करार २०२६ पर्यंतचा आहे. त्यापुढची वाटणी ज्या बैठकीत होईल तिथे दुसऱ्या श्रेणीत खेळणारी एकतरी बाई मत देण्याच्या अधिकारासह बसलेली असावी, आणि तिचा त्या दिवसाचा खाडाही भरून दिलेला असावा.