गाळणी गेली, दाखला राहिला

अंधेरीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २०२० साली नोंदलेली खासगी डिझेल मोटार नियमाप्रमाणे पुन्हा सरकारी निरीक्षकासमोर उभी राहील ती २०३५ साली. मोटार वाहन कायद्याने खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी ग्राह्य धरली आहे. मधल्या काळात मालकाने वर्षातून एकदा पीयूसी केंद्रावर जावे, नळी आत सरकवून घ्यावी आणि दाखला घेऊन परतावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि त्या मोटारीच्या पोटातील सर्वात महाग व शहराच्या दृष्टीने सर्वात मोलाचा भाग, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, कोणी काढून टाकली असेल, तर ती गोष्ट या दाखल्यात कुठेही उमटत नाही.

ही गाळणी, म्हणजेच डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, आपल्याकडे सार्वत्रिक झाली ती १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज-६ हे निकष देशभर लागू झाल्यावर. भारत स्टेज-४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम सूक्ष्मकण सोडण्याची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. शिवाय कणांचे केवळ वजन नव्हे, तर त्यांची संख्याही मोजली जाऊ लागली. इंजिनात कितीही सुधारणा केल्या तरी गाळणीवाचून हे साधणारे नव्हते. त्यासाठी तेल कंपन्यांनी डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणले आणि त्याचा खर्च ग्राहकानेच सोसला. लहान डिझेल मोटारींना हा वाढीव खर्च पेलवणार नाही, असे म्हणत मारुती सुझुकीने तर त्याच मुहूर्तावर डिझेल मोटारींचा नाद सोडला.

गाळणीची रचना साधी आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या चिनी मातीच्या जातीच्या ठोकळ्यात असंख्य बारीक बोगदे असतात. एक बोगदा पुढून बंद, तर शेजारचा मागून. धुराला पुढे जायचे तर सच्छिद्र भिंतीतूनच जावे लागते आणि काजळी भिंतीवर राहते. साचलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते, म्हणजेच गाडी काही काळ अखंड आणि बऱ्या वेगाने धावावी लागते.

इथेच मुंबईची उपनगरे आडवी येतात. घाटकोपरहून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाने सकाळी निघालेल्या गाडीला वीस मिनिटे एकसारखा वेग मिळणे हा योगायोगच. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर तर पहिल्या-दुसऱ्या गिअरपलीकडे हात जाण्याचा प्रसंग फारसा येत नाही. काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू होते, तोच सिग्नल लागतो. पुन्हा सुरू होते, तर घर येते आणि इंजिन बंद होते. अर्धवट प्रयत्नांत जास्तीचे डिझेल इंजिनाच्या तेलात उतरते, गाळणी तुंबते, समोरच्या तबकडीवर पिवळा दिवा लागतो. अखेर गाडीची ताकदच मर्यादित होते. दुरुस्ती केंद्रात गाळणी स्वच्छ करण्याचे काही हजार आणि काही मॉडेलांत ती बदलण्याचे लाखाच्या घरातले आकडे ऐकू येतात. हमीची मुदत असेपर्यंत ही चिंता कंपनीची असते. पण २०२० आणि २०२१ मध्ये घेतलेल्या बहुतेक गाड्यांची ती मुदत आता उलटली आहे. जुन्या बाजारात हात बदललेल्या गाडीचा नवा मालक तर गाळणी ही आपली जबाबदारी आहे, असे मानायलाच तयार नसतो.

अशा वेळी गॅरेजमधला उपाय स्वस्त वाटतो. गाळणीचे कवच तसेच ठेवून आतला ठोकळा फोडून काढायचा, कवचाला वेल्डिंग मारायचे आणि इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकात फेरफार करून गाळणीचा दाब मोजणाऱ्या संवेदकाचे तोंड बंद करायचे. दिवा विझतो आणि गाडी पूर्वीपेक्षा हलकी धावते. ट्रक आणि बसच्या बाबतीत याला आणखी एक जोड मिळते. युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी यंत्रणाही एका छोट्या डबीने फसवता येते आणि द्रावणाचा रोजचा खर्च वाचतो.

कायदा याबाबत मुका आहे, असे मात्र नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात ही मनाई आणखी ठामपणे अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगते. कलम १९० खाली प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्यास दहा हजारांपर्यंतचा दंड आहे. शिक्षेची कमतरता नाही. कमतरता आहे ती गुन्हा दिसण्याची.

पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची तपासणी होते ती धूरमापकाने. गाडी जागेवर उभी, एक्सलरेटर झटकन दाबायचा आणि बाहेर पडणाऱ्या धुरातून प्रकाश किती अडतो ते पाहायचे. भारत स्टेज-४ च्या गाडीसाठी ही मर्यादा १.६२, तर त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५ अशी ठरली. ही पद्धत ज्या काळात घडली, त्या काळातील डिझेल गाडी डोळ्यांना दिसेल असा काळा धूर ओकत असे. आजचे उच्च दाबाने इंधन फवारणारे इंजिन गाळणी नसतानाही तसा धूर सोडत नाही. ते अतिसूक्ष्म कण सोडते. हे कण प्रकाश फारसे अडवत नाहीत, फुप्फुसात मात्र खोलवर उतरतात. मर्यादेचा आकडा आणखी खाली आणला तरी उपकरणाची नजरच अधू असल्याने फारसे काही बदलणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. तो दिसतो की नाही, याचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता.

व्यावसायिक वाहनांची स्थिती जराशी बरी. त्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुलुंड-घाटकोपरचा टेम्पो त्यासाठी वडाळ्याला जातो, बोरिवलीचा आपल्याच हद्दीतल्या कार्यालयात. पण तेथेही ब्रेक, दिवे, आरसे, सायलेन्सर यांवर नजर फिरते आणि धुराची मोजणी अखेर त्याच धूरमापकाने होते. योग्यता तपासणी किती गांभीर्याने होत होती, याचा अनुभव राज्याने घेतलाच आहे. श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरच्या मार्गाचा आग्रह धरला, तेव्हा अनेक कार्यालयांकडे तेवढी जागाच नसल्याचे उघड झाले. ज्या तपासणीला ब्रेकसाठी रस्ता मिळत नव्हता, तिने गाळणीच्या पोटात डोकावावे ही अपेक्षा तशी भाबडीच. केंद्राने २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले, त्यांच्या सक्तीच्या तारखा मात्र पुढे सरकत राहिल्या.

पीयूसीच्या दाखल्याची विश्वासार्हता तर वेगळाच विषय आहे. दिल्लीतील वाहन प्रदूषणावर २०२५ मध्ये विधानसभेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार, २०१५ ते २०२० या काळात मर्यादा ओलांडूनही दाखला मिळालेल्या वाहनांची संख्या एक लाखाच्या वर होती आणि डिझेल वाहनांच्या सुमारे २४ टक्के तपासण्यांत मोजणीचे आकडेच नोंदले गेले नव्हते. ही राजधानीची कथा असली, तरी यंत्रे, नियम आणि केंद्र चालवण्याचा धंदा सर्वत्र सारखाच आहे. महाराष्ट्रात २०२५ मध्ये ‘पीयूसी नाही तर इंधन नाही’ अशी भूमिका परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मांडली. तिची अंमलबजावणी चोख झाली असे मानले, तरी गाळणी नसलेल्या गाडीला डिझेल मिळतच राहील, कारण तिच्याकडे पीयूसी असेलच.

युरोपला हा प्रश्न आपल्या दहा-पंधरा वर्षे आधी भेटला. ब्रिटनने फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत गाळणी आहे की नाही हे पाहणे सक्तीचे केले. पण कवच जागेवर असले की निरीक्षकाला ती असल्यासारखीच दिसे, ही पळवाट लगेच सापडली. मग २०१८ मध्ये गाळणी असलेल्या गाडीतून कोणत्याही रंगाचा दृश्य धूर निघाला तर ती नापास, असा नियम आला. खरा बदल केला तो बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीने. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून धुरातले कण थेट मोजणारे यंत्र तपासणीत आणले. घनसेंटिमीटरमागे बेल्जियममध्ये दहा लाख आणि जर्मनीत अडीच लाख कणांच्या वर गेलेली गाडी नापास होते. गाळणी शाबूत असेल तर हा आकडा काही हजारांत राहतो, फोडलेली असेल तर लाखांत उडी घेतो. या चाचणीसाठी इंजिन केवळ चालू असले तरी पुरते. एक्सलरेटर दाबण्याचीही गरज नाही, त्यामुळे हातचलाखीलाही वाव कमी.

मुंबईला अशा बाबतीत पुढाकार घेण्याची सवय नाही असेही नव्हे. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या १९९९ मधील याचिकेवर उच्च न्यायालयाने तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००० साली तिचा अहवाल आला आणि त्यातूनच जुन्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीकडे वळल्या. पुढे २०१० मध्ये भारत स्टेज-४ ज्या मोजक्या शहरांत देशाआधी लागू झाले, त्यांत मुंबई होतीच. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा डिझेलवर बोट ठेवले. पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करून सीएनजी व विजेवरील वाहने आणणे कितपत शक्य आहे, हे पाहण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. बंदीचा विचार जरूर व्हावा. पण बंदी येईपर्यंत रस्त्यावर राहणाऱ्या गाड्या विकल्या गेल्या त्या अवस्थेत आहेत की नाहीत, हे पाहणे अधिक तातडीचे आणि तुलनेने स्वस्त आहे. ज्या सरकारला गाळणी गेल्याचे कळत नाही, ते सरकार गाडीवर ‘स्टेज-६’ असे लिहिले म्हणून तिला स्वच्छ मानते. आणि बंदीची पाळी आलीच, तर तिला जुन्या पण नीट राखलेल्या गाडीआधी नव्हे, तर नंतर हात लावते.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. दिवसभर भांडुप-कांजूरच्या गल्ल्यांतून माल पोहोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला गाळणी साफ करण्यासाठी रात्री द्रुतगती मार्गावर रिकामी गाडी पळवायला सांगणे, हा उपदेश कागदावरच शोभतो. अशा वापरासाठी डिझेल गाडी विकणाऱ्या कंपनीने खरेदीच्या वेळी हे स्पष्ट सांगितले होते का? गाळणीची हमी गाडीपेक्षा मोठी का नसावी? फोक्सवॅगनच्या २०१५ मधील प्रकरणात संगणकातला फेरफार कंपनीनेच केलेला होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये तिला ५०० कोटींचा दंड ठोठावला आणि त्याच्या वसुलीसाठीची सक्तीची कारवाई पुढे सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. कंपनीचा फेरफार इतक्या वरच्या पायऱ्या चढत गेला, गॅरेजमधल्या फेरफाराला मात्र अजून पहिली पायरीही लागलेली नाही.

ती घालण्यासाठी नवा कायदा नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमात स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांसाठी कणमोजणीची भर, योग्यता तपासणीत गाडीच्या संगणकाला यंत्र जोडून गाळणीची नोंद वाचण्याची सक्ती आणि परिवहन खात्याच्या वायुवेग पथकांकडे तशी मोजकी यंत्रे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनला हे मोजमाप नवे नाही, कारण नव्या गाड्यांना मान्यता देताना हेच कण तिथे मोजले जातात.