मावळ तालुक्यातील बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या घरोघर सर्वेक्षणाबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मार्फत : मा. तहसीलदार, मावळ (वडगाव)

विषय : मावळ तालुका व लोणावळा शहरात बौद्धिक अक्षमतेचे स्वतंत्र सर्वेक्षण करून दाखले तालुक्यातच देण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे व प्रौढांचे पालक आहोत. आमची मुले सरकारी कागदावर दिसतात त्याहून वाड्यावस्त्यांवर पुष्कळ जास्त आहेत, एवढेच आम्हाला मांडायचे आहे.

2011 च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रात अशा सुमारे 1 लाख 60 हजार व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे हजारी दीडसुद्धा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76 व्या फेरीत, 2018 साली, देशाचे प्रमाण हजारी 2 निघाले. जगभरातील 52 अभ्यास एकत्र करून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मात्र ते हजारी 10 च्या थोडे वर आहे; श्रीमंत देशांत 9 च्या आसपास, गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत 16 च्या आसपास. याची कारणे डॉक्टरांना ठाऊक आहेत : आईचे कुपोषण, कमी वजनाचे बाळ, बाळंतपणात उशीर होऊन गुदमरलेले मूल, वेळेवर न सापडलेली थायरॉईडची कमतरता. मग आपल्याकडे हे प्रमाण श्रीमंत देशांच्या सहाव्या हिश्श्याइतके कसे? मोजणीच अपुरी पडली, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रगणक उंबऱ्याशी उभा राहून विचारतो, तेव्हा लग्नाची मुलगी असलेले घर "तसं कुणी नाही" म्हणून मोकळे होते. सौम्य अक्षमता तर सर्वांत अधिक आढळते, पण मूल चौथी-पाचवीत मागे पडेपर्यंत ती आईबापांच्याही ध्यानात येत नाही.

2011 मध्ये लोणावळा शहराची लोकसंख्या 57 हजारांवर होती. जनगणनेचे प्रमाण लावले तर शहरात अशा 80 व्यक्ती भरतात, हजारी 10 धरले तर 570. शाळा, थेरपी, पेन्शन यांची तरतूद यांपैकी कोणत्या आकड्यावर करायची?

नाणे, पवन आणि आंदर मावळातील कातकरी व ठाकर वस्त्यांचा अंदाज तर कुणालाच बांधता येणार नाही. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक हिवाळ्यात शाळेत आले, तर ही मुले पटावर असतात, वर्गात नसतात. जोखीम जिथे सर्वाधिक, तिथेच तपासणी सुटते. म्हणून या वस्त्यांचे सर्वेक्षण जुलै ते सप्टेंबरमध्येच व्हावे आणि ते आशा व अंगणवाडी सेविकांनी करावे, कारण घरातले खरे बोलणे त्यांच्यापाशीच होते. त्यांना आधी प्रशिक्षण द्यावे आणि या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. फुकटचे काम त्यांच्या माथी आणखी नको.

ही मागणी कायद्याबाहेरची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 नुसार शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचे आहे. कलम 25 मध्ये सर्व बालकांची वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे. मावळात या दोन्हींतून काय निष्पन्न झाले, ते गावनिहाय प्रसिद्ध करावे.

सर्वेक्षणात सापडलेल्यांना दाखल्यासाठी पुण्याला धाडू नये. बुद्ध्यांक चाचणीला मानसशास्त्रज्ञ लागतो, हे आम्ही जाणतो. पण सैरभैर होणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन लोकलने जाणे, रांगेत थांबणे आणि पुढची तारीख घेऊन परतणे म्हणजे मजुरी करणाऱ्या आईचा रोज बुडतो. महिन्यातून एकदा वडगाव आणि लोणावळा येथे शिबिर घ्यावे. 40 टक्क्यांच्या दाखल्याशिवाय संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही पुढे सरकत नाही.

येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. त्याआधी तालुक्यातील प्रगणकांना हा प्रश्न घरात कसा विचारावा, याचे एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. त्यासाठी पालक म्हणून आम्ही स्वतः यायला तयार आहोत.

ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांनी दिव्यांगांसाठी राखायच्या 5 टक्के निधीतून बौद्धिक अक्षमता असलेल्यांवर किती खर्च झाला, याचा तपशीलही या निवेदनाच्या उत्तरासोबत मिळावा.

आपले नम्र,
मावळ व लोणावळा परिसरातील पालक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत माहितीसाठी : गटविकास अधिकारी, पंचायत समिती मावळ, मुख्याधिकारी, लोणावळा नगरपरिषद