विहीर आपली, किल्ली कुणाची?

रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला बिबट्याच्या भीतीत विहिरीवर जायचं, हे आंबेगावातल्या लोणीच्या पट्ट्यातलं जुनं दुखणं. मोबाईल स्टार्टरने ते हलकं केलं : स्टार्टरच्या पेटीतल्या सिमला घरूनच फोन लावायचा. ॲपवर चालणारी बरीच यंत्रं मात्र आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारतात. तो बंद, तर घरातला ॲपवरचा दिवाही आपलं ऐकत नाही. ‘नेस्ट’ कंपनीने २०१४ मध्ये विकत घेतलेल्या ‘रिव्हॉल्व्ह’चे, घरातली यंत्रं फोनवरून चालवणारे हब मे २०१६ मध्ये असेच निकामी झाले, एप्रिल २०२२ मध्ये अशीच यंत्रं विकणाऱ्या ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर अचानक थांबले. म्हणून यंत्र घेताना दुकानदाराला आधी विचारा : इंटरनेट नसताना हे चालेल का? आणि स्टार्टरचं हिरवं बटण हाताशी राहू द्या. आपल्या पाण्याची किल्ली परक्याच्या दारात टांगू नये.