पिकअपला बॅटरी बसविण्यापूर्वी

लहान मालवाहू गाडीला आपल्याकडे सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. हा शब्द मुळात जर्मनीतील एका वाहन कारखान्याची नाममुद्रा आहे. अहमदनगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांनी त्या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली आणि तीनचाकी टेम्पो व्यापारी पेढ्यांच्या दारात येऊन उभा राहिला. याच घराण्याच्या कायनेटिकची लुना पुढे पेट्रोलवर धावली आणि २०२४ मध्ये तिचे विजेवर चालणारे रूप बाजारात आले. आता जिल्ह्यातील अनेक पेढ्यांपुढे पुढचा प्रश्न आहे. दारातील जुन्या डिझेल पिकअपचे इंजिन काढून तिथे मोटार आणि बॅटरी बसवावी काय?

घरातील तरुण पिढी हा प्रश्न उत्साहाने मांडते आणि ज्येष्ठ मंडळी तो हसण्यावारी नेतात. दोन्ही भूमिका हिशेबाअभावीच्या आहेत. योजना नीट आखली तर हा व्यवहार काही पेढ्यांना फायद्याचा आहे, काहींना स्पष्ट तोट्याचा. आपली पेढी कोणत्या गटात मोडते, हे पैसे खर्च होण्यापूर्वीच कळू शकते.

कायद्याची चौकट

ओळखीच्या गॅरेजमध्ये सुटे भाग जोडून गाडी विजेवर चालविणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. रस्त्यावर मात्र ते चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. न कळविलेल्या बदलाच्या गाडीला अपघात झाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो आणि भरपाईचा बोजा थेट पेढीवर येतो.

वैध मार्ग आहे. विद्युत किटसाठी ‘एआयएस-१२३’ या मानकाचा तिसरा भाग लागू होतो. चाचणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक आपल्याच शहरात आहे: संरक्षण खात्याची ‘व्हीआरडीई’. पुण्याची ‘एआरएआय’ ही दुसरी. पण मान्यता किटला मिळते ती ठराविक वाहन-प्रकारासाठी. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी मान्यतेचे प्रमाणपत्र आहे काय, ते चालू आहे काय आणि किट बसविणारा अधिकृत आहे काय, हे आधी विचारावे. प्रमाणपत्र नसेल तर योजना तिथेच थांबवावी.

गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेची लेखी संमती आधी घ्यावी. किट बसल्यावर चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवून नोंदणीपत्रात इंधनाचा प्रकार बदलून घ्यावा आणि विमा कंपनीकडून तशी नोंद करून घ्यावी. व्यावसायिक विद्युत वाहनाला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे येतात. अशा वाहनांना केंद्राने २०१८ पासून परवान्यातून सूट दिली आहे.

एक महिन्याचा रोजमेळ

कागदपत्रांची शक्यता दिसल्यावर एक साधी वही करावी. रोज सकाळ-संध्याकाळचे किलोमीटर, भरलेला माल, घाटाची फेरी, गाडी उभी राहिल्याचे तास आणि भरलेले डिझेल, एवढेच रकाने. महिना पूर्ण झाल्यावर दोन आकडे काढावेत: सरासरी दिवसाचे किलोमीटर आणि सर्वांत लांबच्या दिवसाचे किलोमीटर. सरासरी दिवसावर बचत ठरते, लांबच्या दिवसावर बॅटरी ठरते. साऱ्या व्यवहाराची किल्ली या दोन आकड्यांत आहे.

एक उदाहरण घेऊ. मार्केट यार्डातील एका किराणा पेढीची पिकअप रोज केडगाव, भिंगार, राहुरी अशी ८० किलोमीटर फिरते आणि महिन्यातून चार वेळा पुण्याला जाऊन येते, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. मालासह किलोमीटरला पाव युनिट वीज लागते असे धरू आणि बॅटरीचा पाचवा हिस्सा नेहमी शिल्लक ठेवू. रोजच्या फेरीला २५ युनिटची बॅटरी पुरते. पुण्याचा दिवस धरला तर ७५ युनिटची लागते. एका युनिटमागे सुमारे ८ किलो वजन धरल्यास पहिली बॅटरी २०० किलोची, दुसरी ६०० किलोची. नोंदणीपत्रातील एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही. इंजिन आणि टाकी निघाल्याने थोडे वजन वाचते, पण त्यापलीकडचा बॅटरीचा प्रत्येक किलो मालाच्या किलोतून वजा होतो. चार दिवसांसाठी तिप्पट बॅटरी विकत घेऊन ती महिनाभर वाहत राहण्यापेक्षा त्या चार दिवशी भाड्याचा टेम्पो लावणे शहाणपणाचे.

घाटाचीही नोंद हवी. अडीच टन वजनाच्या गाडीला दर १०० मीटर चढावर सुमारे पाऊण युनिट जादा वीज लागते. उतरताना त्यातील काही भागच परत मिळतो. पाथर्डीकडे करंजी घाटाने किंवा छत्रपती संभाजीनगरकडे इमामपूर घाटाने नेहमी जाणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

जमा-खर्च

पुढील आकडे गृहीत धरलेले आहेत; प्रत्येकाने आपले घालावेत. डिझेलवर लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेलचा दर ९० रुपये धरल्यास किलोमीटरला साडेसात रुपये पडतात. चार्जिंगमधील घट धरून वीज युनिटला दहा रुपयांनी घेतली तर किलोमीटरला सुमारे तीन रुपये. बचत साडेचार रुपयांची. पंचवीस दिवस रोज ८० किलोमीटर म्हणजे महिना दोन हजार किलोमीटर, बचत नऊ हजार. तेल, फिल्टर वगैरेचे एक हजार मिळवून दहा हजार रुपये.

आता किट, बॅटरी आणि बसविण्याचा खर्च सहा लाख धरू. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १२,७५० रुपये येतो. म्हणजे दरमहा पावणेतीन हजारांची तूट. तोंडमिळवणी व्हायची तर गाडी रोज १०४ किलोमीटर चालायला हवी. पण जास्त चालवायची तर मोठी बॅटरी, मोठ्या बॅटरीला मोठा हप्ता, असे हे चक्र आहे.

या चक्रातून बाहेर पडण्याची वाट पेढीच्या दिनक्रमातच आहे. दुपारी जेवणाच्या वेळी गाडी दोन-अडीच तास उभी असते. त्या वेळेत ३.३ किलोवॅटच्या चार्जरने सुमारे सात युनिट बॅटरीत जातात, म्हणजे २८ किलोमीटर वाढतात. रात्रीच्या सात तासांच्या चार्जिंगचे ८० आणि दुपारचे २८ मिळून १०८ किलोमीटर होतात, तेही त्याच २५ युनिटच्या बॅटरीवर. अशी फेरी दुपारी दुकानाशी परत येणारी असेल, तरच हा व्यवहार जमतो. त्यासाठी दुकानाच्या वीजजोडणीचा मंजूर भार पुरेसा आहे काय, हे महावितरणकडून आधी तपासून घ्यावे.

गाडीचे वय आणि प्रकृती

नवी बॅटरी सात-आठ वर्षे टिकावी अशी अपेक्षा असते. ती चौदा वर्षांच्या सांगाड्यावर बसविणे म्हणजे जीर्ण वाड्यावर नवा मजला चढविणे. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. चेसीस, पाटे आणि धुरा यांची तपासणी आधी करावी. डिझेल इंजिन ब्रेकसाठी निर्वात-पंपही चालविते. इंजिन गेले की त्या जागी स्वतंत्र विजेचा पंप हवा. बॅटरीच्या हमीपत्रात किती वर्षांनी किती क्षमता शिल्लक राहील, याचा आकडा लेखी मागावा. गाडी रस्त्यात बंद पडल्यास कोण येणार, तेही लिहून घ्यावे.

शेवटी तुलना नव्या गाडीशी करावी. २०२२ मध्ये आलेल्या टाटा एस ईव्हीला २१.३ युनिटची बॅटरी असून एका चार्जिंगमध्ये १५४ किलोमीटर हा चाचणीतील पल्ला आहे. तिची मूळ भारक्षमता मात्र ६०० किलोचीच. तयार विद्युत वाहनावर जीएसटी पाच टक्के आहे. सुट्या बॅटरीला तो सवलतीचा दर नाही, म्हणून दोन्ही कोटेशने करासह मांडावीत. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदीचे आदेश आल्याने तेथील मालकांपुढे गाडी भंगारात काढणे किंवा तिचे रूपांतर करणे, असा पेच उभा राहिला. नगरच्या व्यापाऱ्यावर तशी सक्ती नाही. त्याला महिनाभर थांबून वही भरण्याची सवड आहे.

त्या वहीत रोजचे अंतर शंभराच्या पुढे, फेरी ठरलेली, दुपारी गाडी दारात आणि सांगाडा निरोगी असे दिसले, तर कोटेशन मागवावे. अंतर साठ-सत्तरच्या आत असेल, तर आहे तीच डिझेल गाडी नीट सांभाळावी आणि बॅटरीच्या किमतींवर लक्ष ठेवून दरवर्षी हाच हिशेब पुन्हा मांडावा.