संतमसाचे ढग कोणी पाहिले?

मघेच्या दक्षिणेला, षष्ठांश तारकासमूहातल्या एका ताऱ्याला 2019 साली भारताने सुचवलेले नाव मिळाले: बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. त्याच्या ग्रहाचे नाव संतमस. ते सुचवले पुण्यातल्या 13 वर्षांच्या एका शाळकरी मुलाने. झाकोळलेला, हा अर्थ. ग्रहावर ढग असावेत म्हणून. आता हे सामान्यज्ञानाचे हुकमी उत्तर आहे आणि त्याला पूर्ण गुण आहेत.

पण ते ढग पाहिले कोणी? कोणीच नाही. 2006 साली ग्रह सापडला तोच मुळी ताऱ्याच्या डोलण्यावरून. वजनाने गुरूच्या निदान दीडपट, आणि ताऱ्याभोवतीची फेरी जेमतेम 2.14 दिवसांची! इतक्या लगटून फिरणाऱ्या ग्रहाचे अधिक्रमण, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणे, दिसण्याची शक्यता 17.6 टक्के होती. शोधकांनी ताऱ्याचे तेज मोजून पाहिले. अधिक्रमण काही आढळले नाही. आणि परग्रहाची हवा वाचण्याची नेहमीची रीत तर अधिक्रमणावरच उभी आहे. ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो, तिथले वायू त्यातले ठरावीक रंग खातात, आणि कोणते रंग कमी पडले यावरून वायू ओळखायचा. जेम्स वेब दुर्बिणीने 2022 मध्ये वास्प-39बी ग्रहावरचा कार्बन डायऑक्साइड असाच पकडला.

ढग आले की मात्र हीच रीत गोत्यात येते. आषाढात परंदवडी गावातून समोरचा डोंगर पुसला जावा, तशा वर्णपटातल्या खुणा पुसल्या जातात. जीजे 1214बी ग्रहाची 15 अधिक्रमणे हबल दुर्बिणीने टिपली; 2014 मध्ये हाती आला तो सपाट वर्णपट. वर ढग किंवा धुरके आहे, एवढेच ठामपणे सांगता आले. एवढी मेहनत करून एवढेच सांगणे, हे माझ्या मते अव्वल विज्ञान.

सपाट रेघेचा मथळा होत नाही. तो झाला के2-18बी ग्रहाचा. एप्रिल 2025 मध्ये केंब्रिजच्या गटाला तिथे डायमिथाइल सल्फाइडची, म्हणजे पृथ्वीवर सजीव बनवतात अशा वायूची, चाहूल लागली, आणि जीवसृष्टीच्या बातम्या सुटल्या. त्याच नोंदी इतरांनी तपासल्या तेव्हा पुरावा लंगडा वाटला. या तपासणीची बातमी किती जणांपर्यंत पोचली?

संतमस हे नाव राहू द्यावे, मुलाने विचार करून दिले आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी मात्र नावाच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न घालावा, दोन गुण जास्त ठेवून: कशावरून?